गुगल अर्थ प्रो आणि त्यातील उपग्रहचित्रे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संगणकावर उतरवून घ्यायचे गुगल अर्थ प्रो आता शाळा-महाविद्यालयांत, गिर्यारोहकांच्या गटांत, स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांत आणि शेतजमिनीचा अंदाज घेणाऱ्यांतही सर्रास वापरले जाते. ते चालवणे सोपे आहे. त्यात जे दिसते त्याचा अर्थ लावताना मात्र पुष्कळ चुका होतात. पडद्यावरचे प्रत्येक चित्र कोणत्या तरी दिवशी, कोणत्या तरी ऋतूत, ठरावीक बारकाव्याने टिपलेले असते आणि वेगळ्याच वर्षी मोजलेल्या उंचीवर पसरवलेले असते. पुढील बहुतेक उत्तरे या एका गोष्टीतून निघतात.

गुगल अर्थ प्रो विनामूल्य आहे का? ते आले कोठून?

होय, विनामूल्य आहे. कीहोल नावाच्या अमेरिकी कंपनीने २००१ मध्ये ‘अर्थव्ह्यूअर’ हा कार्यक्रम आणला होता. ही कंपनी गुगलने २००४ मध्ये घेतली आणि २००५ च्या जूनमध्ये तोच कार्यक्रम गुगल अर्थ या नावाने लोकांसमोर आला. व्यावसायिकांसाठीच्या ‘प्रो’ आवृत्तीला वर्षाला ३९९ डॉलर मोजावे लागत; जानेवारी २०१५ पासून ती सर्वांना मोफत झाली. आपल्या खुणा ज्या केएमएल फाइलमध्ये साठवल्या जातात, त्या नावातील ‘के’ हे अक्षर त्या मूळ कंपनीचेच आहे.

ब्राउझरमध्ये चालणारी आवृत्ती असताना संगणकावर वेगळा कार्यक्रम का घ्यावा?

केवळ पृथ्वीवर फेरफटका मारायचा असेल, तर ब्राउझरमधील आवृत्ती पुरेशी आहे आणि २०२४ पासून तिच्यातही जुनी चित्रे पाहण्याची सोय झाली आहे. परंतु उंचीचा छेद काढणे, एखाद्या जागेवरून कोणता प्रदेश नजरेच्या टप्प्यात येतो हे तपासणे, शेपफाइल (नकाशाच्या माहितीची फाइल) किंवा सीएसव्हीतील (तक्त्याची साधी फाइल) माहिती थेट आत घेणे, जुना नकाशा भूभागावर अंथरून त्याची पारदर्शकता कमीजास्त करणे, अशी अभ्यासाची कामे संगणकावरील आवृत्तीत अधिक मोकळेपणाने होतात. ज्यांना नुसते पाहायचे नसून मोजायचे आणि तुलना करायची आहे, त्यांनी हीच आवृत्ती घ्यावी, असे आमचे मत आहे.

यात दिसणारे चित्र थेट, म्हणजे या क्षणाचे असते का?

नाही. हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे. घरे आणि झाडे वेगवेगळी दिसतील इतके स्पष्ट चित्र टिपणारे उपग्रह पृथ्वीपासून पाचशे ते आठशे किलोमीटरच्या आसपास फिरतात. ते कोणत्याही एका गावावर थांबून राहत नाहीत. काही मिनिटांत क्षितिजाआड जातात. एकाच भागावर सतत नजर ठेवणारे हवामान उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतात. भारताच्या इन्सॅट-३डी उपग्रहाची चित्रे साधारण अर्ध्या तासाने मिळत, परंतु त्यांतील एक चित्रबिंदू (पिक्सेल) जमिनीवरील सुमारे एक किलोमीटर भागाएवढा असे. सातत्य हवे तर बारकावा सोडावा लागतो आणि बारकावा हवा तर सातत्य. गुगल अर्थमधील स्पष्ट चित्रे सहसा एक ते तीन वर्षे जुनी असतात. दुर्गम भागांत त्याहूनही जुनी असू शकतात. हरवलेली गाडी, काल रात्रीचा पूर किंवा शेजाऱ्याने आज सकाळी घातलेले कुंपण त्यात दिसणार नाही.

समोरचे चित्र कोणत्या तारखेचे आहे हे कसे ओळखावे?

खिडकीच्या तळाशी असलेल्या पट्टीत चित्राची तारीख दिसते. ती पडद्यावर दिसणाऱ्या भागातील चित्राची असते, परंतु एकाच पडद्यावर दोन वेगवेगळ्या दिवशी घेतलेल्या चित्रांचे तुकडे शेजारीशेजारी जोडलेले असू शकतात. शेताचा रंग एका सरळ रेषेवर अचानक बदलला, किंवा रस्त्यावरील सावल्यांची दिशा मध्येच फिरली, तर तेथे सांधा आहे असे समजावे आणि दोन्ही बाजूंची तारीख स्वतंत्रपणे पाहावी.

दोन सावधगिऱ्या आवश्यक आहेत. चित्राच्या तळाशी चित्र पुरवणाऱ्या कंपनीच्या नावापुढे जे वर्ष लिहिलेले असते, ते स्वामित्वहक्काचे वर्ष आहे, चित्र घेतल्याचे नव्हे. अनेक प्रकल्प अहवालांत हेच वर्ष चित्राचे वर्ष म्हणून छापलेले आढळते आणि त्यामुळे पुढचा सगळा युक्तिवाद कोसळतो. दुसरे असे की पुष्कळ उंचावरून पाहताना जे स्वच्छ, निरभ्र चित्र दिसते, ते लँडसॅट (अमेरिकी) आणि कोपर्निकस (युरोपीय) या उपग्रह कार्यक्रमांतील अनेक दिवसांच्या चित्रांमधून ढग वगळून तयार केलेले असते. त्याला एक तारीख नसतेच.

जुनी चित्रे कशी पाहावीत आणि त्यांतून काय कळते?

वरच्या पट्टीतील घड्याळाचे चिन्ह दाबले, किंवा ‘व्ह्यू’ मेनूतून ‘हिस्टॉरिकल इमेजरी’ निवडले, की काळाची सरकपट्टी उघडते. ही सोय २००९ मध्ये पाचव्या आवृत्तीत आली आणि आमच्या मते या कार्यक्रमातील सर्वांत मोलाचा भाग तीच आहे. महाराष्ट्रातील बहुतेक ठिकाणी उपयोगी पडतील अशी स्पष्ट चित्रे या शतकाच्या पहिल्या दशकापासून पुढची मिळतात. त्यापूर्वीच्या वर्षांसाठी लँडसॅटची ठोकळ चित्रे असतात.

काय पाहावे, याची काही उदाहरणे द्यावीशी वाटतात. पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर ३० जुलै २०१४ रोजी डोंगरकडा कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. त्या दिवसाच्या आधीचे आणि नंतरचे चित्र एकामागून एक पाहिले, तर उतारावरून गावापर्यंत आलेला मातीचा पट्टा दिसतो. ही जागा पाहताना तेथे माणसे राहत होती याची आठवण ठेवावी. वर्गात दाखवताना तर ती आवर्जून सांगावी. नवी मुंबईच्या विमानतळासाठी उलवे टेकडी कापली गेली आणि उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला. हा बदल वर्षावर्षाने पाहता येतो. भीमेवरील उजनी धरणात बुडालेल्या पळसदेवचे जुने मंदिर पाणी खूप खाली गेल्यावर उघडे पडते, तेव्हा टंचाईच्या वर्षातील उन्हाळी चित्रे आणि भरलेल्या वर्षातील चित्रे शेजारी ठेवून काठ किती सरकतो हे तपासता येते.

तुलना करताना मात्र महिना सारखा असला पाहिजे. ऑक्टोबरमधील भरलेला जलाशय आणि मे महिन्यातील आटलेला जलाशय यांची तुलना करून ‘तलाव नष्ट होत चालला आहे’ असा निष्कर्ष काढणे म्हणजे दिवाळीच्या फोटोतील अंगण आणि उन्हाळ्यातील अंगण पाहून घराची अवकळा ठरवण्यासारखे आहे. जंगलाच्या बाबतीत हा धोका आणखी मोठा असतो, कारण सह्याद्रीच्या पूर्व उतारांवरील आणि विदर्भातील पानझडी वने फेब्रुवारीपासून उघडी दिसू लागतात. साग उभाच असतो. फक्त पाने गळलेली असतात.

पावसाळ्यातील चित्रे जवळजवळ नसतातच, असे का?

साधे उपग्रहचित्र प्रकाशावर अवलंबून असते आणि त्याला ढगांच्या पलीकडचे दिसत नाही. जून ते सप्टेंबर या काळात कोकण आणि घाटमाथा इतका झाकलेला असतो की तेथील स्पष्ट चित्र क्वचितच मिळते. त्यामुळे धबधबे, भातखाचरांतील पाणी, सड्यांवरील फुलोरा किंवा प्रत्यक्ष पूररेषा गुगल अर्थमध्ये शोधू नये. पूर अभ्यासायचा असेल, तर ढगांतून आरपार पाहणाऱ्या रडार उपग्रहांची, उदाहरणार्थ सेंटिनेल-१ ची, चित्रे स्वतंत्रपणे घ्यावी लागतात.

एके ठिकाणी मोटारी मोजता येतात आणि दुसरीकडे गावही धूसर दिसते. फरक कशाचा?

एक चित्रबिंदू जमिनीवरील किती भाग व्यापतो, याचा. लँडसॅटच्या रंगीत चित्रात तो ३० मीटर असतो, सेंटिनेल-२ मध्ये १० मीटर, तर वर्ल्डव्ह्यू-३ या व्यावसायिक उपग्रहाच्या चित्रात सुमारे ३१ सेंटिमीटर. महाग आणि स्पष्ट चित्रे शहरांसाठी वारंवार घेतली जातात, विरळ वस्तीच्या भागासाठी क्वचित.

साधारण नियम असा धरावा की वस्तू ओळखता येण्यासाठी तिने अनेक चित्रबिंदू व्यापले पाहिजेत. राजापूर तालुक्यातील कशेळीचे हत्तीचे कातळशिल्प सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर उंच आहे. आकाराने ते प्रचंड असले, तरी ज्या रेषांनी ते कोरले आहे त्या एका चित्रबिंदूपेक्षा अरुंद आहेत. त्यामुळे एवढे मोठे शिल्प उपग्रहचित्रात ठळक दिसेलच असे नाही. याउलट बांध, तटबंदी, जुन्या पाऊलवाटा आणि बुजलेली तळी सलग रेषेमुळे किंवा झाडोऱ्याच्या वेगळ्या रंगामुळे उठून दिसतात. सड्यावर काही आकार दिसला म्हणून शोध जाहीर करू नये. प्रत्यक्ष जाऊन पाहिल्याखेरीज तो केवळ अंदाज असतो.

हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा वितळल्यासारखा आणि ताणल्यासारखा का दिसतो?

गुगल अर्थमधील भूभाग दोन वेगळ्या गोष्टींनी बनतो: वरून घेतलेले चित्र, आणि त्याखालची उंचीची जाळी. या जाळीत प्रत्येक अक्षांश-रेखांशाला एकच उंची देता येते. कोकणकडा आतल्या बाजूला वळलेला आहे, म्हणजे तेथे एकाच बिंदूवर वरची कडाही आहे आणि खाली पोकळीही आहे. ही रचना जाळीत मांडणे मुळातच शक्य नाही. शिवाय वरून पाहणाऱ्या उपग्रहाला उभ्या कातळाचा पृष्ठभाग जवळजवळ दिसत नाही. जे दोनचार चित्रबिंदू कड्यावर पडतात, तेच शेकडो मीटर उंचीवर ताणले जातात आणि कातळ ओघळल्यासारखा वाटतो.

गिर्यारोहकांसाठी ही बाब जिवाची आहे. पडद्यावर जो उतार साठ अंशांचा आणि उतरण्याजोगा दिसतो, तो प्रत्यक्षात उभा कडा असू शकतो, कारण जाळीतील बिंदूंमधले अंतर कड्याची धार बोथट करते. नाळेतील वाट, कातळटप्पा, पायऱ्या तुटलेली जागा यांची माहिती स्थानिक वाटाड्याकडूनच घ्यावी. केवळ गुगल अर्थवर आखलेली अनोळखी घाटवाट उतरू नये.

मग त्यातील उंचीचे आकडे कितपत विश्वासार्ह आहेत?

जगाच्या मोठ्या भागासाठी उंचीचा पाया एसआरटीएम या मोहिमेचा आहे. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अंतराळयानाने अकरा दिवसांच्या फेरीत रडारने ही मोजणी केली. काही प्रदेशांत नंतर अधिक चांगली माहिती जोडली गेली आहे. यातून तीन गोष्टी संभवतात. टोकदार शिखराची उंची आजूबाजूच्या उताराबरोबर सरासरीत मिसळते, म्हणून १,६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईवर कर्सर ठेवल्यास आकडा सहसा कमी दिसतो. रडारला दाट जंगलात जमीन न दिसता झाडांचे शेंडे दिसतात, म्हणून तेथे उंची वाढते. आणि २००० नंतर जेथे टेकडी कापली गेली किंवा खाण खोदली गेली, तेथे जुनाच आकार राहिलेला असू शकतो.

काळाची सरकपट्टी मागे नेली, तरी बदलते ते केवळ चित्र. उंचीची जाळी सर्व वर्षांसाठी एकच राहते. म्हणून दोन वर्षांच्या चित्रांवरून उत्खननाचे घनफळ काढण्याचा प्रयत्न करू नये.

जीपीएस यंत्राशी आकडे जुळत नाहीत, ही तक्रारही नेहमी येते. गुगल अर्थ समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवते, तर ड्रोनची आणि काही जीपीएस यंत्रांची मूळ उंची पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून मोजलेली असते. मुंबईच्या परिसरात या दोन पृष्ठभागांत साठ मीटरहून अधिक फरक आहे. किनाऱ्यावर उभे असताना यंत्राने उणे आकडा दाखवला, तर यंत्र बिघडलेले नसते.

उंचीचा छेद कसा काढावा?

‘अॅड पाथ’ने रेघ ओढून ती जतन करावी, डावीकडील यादीत तिच्यावर उजवे बटण दाबून ‘शो एलिव्हेशन प्रोफाइल’ निवडावे. सरावासाठी बुलढाणा जिल्ह्यातील लोणारहून चांगली जागा नाही. शोधपट्टीत १९.९७६, ७६.५०८ असे टाकून विवराच्या एका काठापासून समोरच्या काठापर्यंत रेघ ओढावी. सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा वाडगा, उंचावलेली कड आणि आतला सपाट तळ छेदात स्पष्ट उमटतो. तळ सपाट दिसतो तो पाण्याच्या पृष्ठभागामुळे; सरोवराची खोली यातून कळत नाही. छेद काढण्यापूर्वी ‘ऑप्शन्स’मध्ये उंचीची अतिशयोक्ती १ वर आहे ना, हे पाहून घ्यावे. ती ३ पर्यंत वाढवता येते आणि मग पडद्यावर साधी टेकडीही भयंकर वाटू लागते.

शेताचे क्षेत्रफळ मोजता येते का? ते मोजणीसाठी चालते का?

मोजता येते. ‘रूलर’मधील ‘पॉलिगॉन’ निवडून बांधावरून बिंदू टाकत जावे. क्षेत्र चौरस मीटरमध्ये घेतल्यास पुढचे गणित सोपे होते: १०० चौरस मीटर म्हणजे सातबाऱ्यावरील एक आर, १०१.१७ चौरस मीटर म्हणजे एक गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एक एकर. तिरक्या कोनातून पाहत मोजल्यास बिंदू चुकतात, म्हणून आधी कीबोर्डवरील ‘आर’ (R) ही कळ दाबावी. त्यामुळे दृश्य उत्तरेकडे तोंड करून सरळ वरून दिसू लागते.

कायदेशीरदृष्ट्या या आकड्याला काही स्थान नाही. हद्द ठरवायची ती भूमी अभिलेख विभागाच्या मोजणीने. चित्र स्वतःच काही मीटर सरकलेले असू शकते, आणि डोंगराळ भागात ही सरक वाढते. एकच बांध वेगवेगळ्या वर्षांच्या चित्रांत पाहिला, तर तो किंचित जागा बदलताना दिसतो. यावरून शेजाऱ्याने बांध कोरला असा आरोप करणे अन्यायाचे होईल. ठिबक, रोपे, कुंपण यांचा खर्च काढण्यापुरता हा अंदाज उत्तम आहे.

अक्षांश-रेखांश टाकले की जागा भलतीकडेच का येते?

बहुतेक वेळा मांडणीची गल्लत असते. १९ अंश ३० मिनिटे म्हणजे १९.५ अंश, १९.३० नव्हे. अंश-मिनिटे-सेकंद हवे की दशांश, हे ‘टूल्स’मधील ‘ऑप्शन्स’मध्ये निवडता येते. दशांशानंतर चार आकडे घेतले तर सुमारे ११ मीटरपर्यंतचा नेमकेपणा मिळतो, सहा आकडे घेतले तर सुमारे ११ सेंटिमीटरचा. चित्रच तितके अचूक नसताना सहापेक्षा जास्त आकडे लिहिण्यात अर्थ नाही.

केएमएल फाइल हाताने लिहिणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की तिच्यात आधी रेखांश आणि मग अक्षांश येतो. यूटीएम पद्धत (पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे पट्टे पाडून मीटरमध्ये निर्देशांक देणारी) वापरणाऱ्यांसाठी ७८ अंश रेखांश महत्त्वाचा आहे, कारण पुणे-नाशिक-अमरावती ४३ व्या पट्ट्यात आणि वर्धा-नागपूर ४४ व्या पट्ट्यात येतात. यवतमाळसारख्या सीमेवरच्या जिल्ह्यात दोन्ही पट्टे लागतात. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या नकाशांवरून निर्देशांक घेतले असतील, तर शंभर मीटरच्या आसपास किंवा अधिक सरक दिसेल. ते नकाशे एव्हरेस्ट या जुन्या गणिती लंबगोलावर आधारलेले आहेत आणि गुगल अर्थ डब्ल्यूजीएस ८४ या जागतिक लंबगोलावर.

यादीतील मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हे का दिसतात?

स्प्रेडशीटमधून फाइल साध्या सीएसव्ही स्वरूपात जतन केल्यामुळे. जतन करताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा प्रकार निवडावा आणि आत घेतानाही तीच लिपीसंहिता निवडावी. गावांची, वाड्यांची, देवराया आणि पाणवठ्यांची नावे देवनागरीत नोंदवावीत, असा आमचा आग्रह आहे. रोमन लिपीत ‘वडगाव’ आणि ‘वाडगाव’ एकच होऊन बसतात.

मेहनतीने टाकलेल्या खुणा एकदम नाहीशा झाल्या. परत मिळतील का?

‘टेम्पररी प्लेसेस’मध्ये ठेवलेल्या खुणा कार्यक्रम बंद करताना जतन केल्या नाहीत, तर गेल्याच. ‘माय प्लेसेस’मधील खुणा मात्र संगणकावरच ‘मायप्लेसेस’ नावाच्या केएमएल फाइलमध्ये असतात आणि त्याच फोल्डरमध्ये तिची एक राखीव प्रतही असते. विंडोजमध्ये हे फोल्डर वापरकर्त्याच्या ‘अॅपडेटा’तील ‘लोकललो’मध्ये सापडते. मूळ फाइल बाजूला ठेवून राखीव प्रतीला तिचे नाव दिल्यास अनेकदा सर्व परत येते. संगणक बदलला की या खुणा आपोआप नव्या संगणकावर येत नाहीत. महत्त्वाचे काम केएमझेड (आकसलेली केएमएल) फाइल करून दुसरीकडे ठेवावे.

इंटरनेट नसताना वापरता येते का?

मर्यादित प्रमाणात. आधी पाहिलेला भाग संगणकाच्या साठवणीत राहतो आणि ही साठवण सुमारे २ जीबीपर्यंत वाढवता येते. परंतु कोणता भाग राहिला आणि कोणता पुसला गेला, हे आधी कळत नाही. डोंगरात जाताना तिच्यावर विसंबू नये.

पृथ्वीचा गोल काळा दिसतो किंवा चित्र उमटतच नाही. काय करावे?

‘हेल्प’ मेनूतील दुरुस्तीची सोय उघडून साठवण रिकामी करावी. विंडोजमध्ये ओपनजीएल आणि डायरेक्टएक्स यांपैकी दुसरा पर्याय निवडून पाहावा. त्यानेही न सुटल्यास ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर अद्ययावत करावा.

अधिक ताजी चित्रे किंवा भारतीय पर्याय कोठे मिळतील?

इस्रोचे ‘भुवन’ २००९ पासून उपलब्ध आहे आणि भूवापर, पडीक जमीन, पाणलोट अशा विषयांचे भारतासाठीचे थर त्यात अधिक चांगले आहेत. आठवड्याच्या आतील चित्र हवे असेल, तर युरोपच्या कोपर्निकस कार्यक्रमातील सेंटिनेल-२ ची चित्रे विनामूल्य पाहता येतात. ती साधारण पाच दिवसांनी त्याच जागेवर येतात. १० मीटरच्या चित्रबिंदूत घर दिसणार नाही, पण धरणाचा काठ, जळालेले रान आणि ऊस तोडलेले शेत नक्की दिसते.

ही चित्रे प्रबंधात, अहवालात किंवा गावाच्या स्मरणिकेत छापता येतील का?

‘सेव्ह इमेज’ने उत्तरदिशा, प्रमाणपट्टी आणि शीर्षकासह चित्र काढता येते. तळाशी असलेली गुगलची आणि चित्र पुरवणाऱ्या कंपनीची नावे कापू नयेत. ती ठेवणे ही वापराची अट आहे. विक्रीच्या पुस्तकासाठी किंवा जाहिरातीसाठी वापर करायचा असल्यास गुगलच्या परवानगीविषयक अटी आधी वाचाव्यात. चित्राखाली ठिकाण, अक्षांश-रेखांश आणि चित्र घेतल्याची तारीख आपण स्वतः लिहावी, कारण छापलेल्या चित्रावर तळपट्टीतील ती तारीख उमटेलच अशी खात्री नसते आणि तारखेविना ते चित्र पुढच्या अभ्यासकाला तुलनेसाठी वापरता येत नाही.